हुकावरचा भार : घरचा प्रवासी ट्रेलर बांधतानाच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार. बेळगाव

दसरा काल झाला. आज कामाला सुरुवात करतो आहे आणि पहिल्या दिवसापासून नोंद ठेवायची असे ठरवले आहे, कारण या कामात आकडे पुष्कळ येणार आहेत आणि तोंडी राहिलेला आकडा पुढच्या महिन्यात कोणालाच नीट आठवत नाही.

आईचे वय ७६ आहे. तिला पंढरपूर, गोकर्ण आणि जमल्यास तारकर्लीचा समुद्र पाहायचा आहे. गाडीत बसून ती चार तास प्रवास करू शकते, परंतु अनोळखी लॉजचे जिने, जमिनीलगतचे पलंग आणि तिथली स्वच्छतागृहे तिच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. म्हणून गाडीच्या मागे जोडता येईल असा एक छोटा ट्रेलर बांधायचा, ज्यात तिच्या उंचीचा पलंग, कमोड आणि चहापुरती शेगडी असेल. चालू प्रवासात ट्रेलरमध्ये कोणीही बसणार नाही, सगळे गाडीतच बसतील. हे आताच लिहून ठेवतो, कारण पुढे वजनाचा हिशेब करताना याचा मोठा परिणाम होणार आहे.

पहिला प्रश्न ट्रेलर कसा असावा हा नसून, आपली गाडी किती वजनाचा ट्रेलर सुरक्षितपणे ओढू शकते, हा आहे. गल्लीतील बहुतेकांचे उत्तर एकच आहे : ऊस नेणारा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढतो, मग एवढ्या ताकदीच्या डिझेल गाडीला एक खोली जड आहे का? मला हे उदाहरण नेमके उलट्या बाजूने पटते. हंगामात चढावर पुढची दोन्ही चाके उचलली गेलेला ट्रॅक्टर आपल्याकडे कोणी पाहिला नाही? इंजिनाची ताकद तिथे कमी पडत नाही. मागच्या हुकावरच्या ओढीने पुढची चाके जमीन सोडतात आणि स्टिअरिंग निकामी होते. ओढण्याची ताकद आणि ओढताना गाडी ताब्यात राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला दुसरीचा हिशेब करायचा आहे.

२० ऑक्टोबर

गाडीसोबत आलेली पुस्तिका काढून बसलो. काही गाड्यांच्या पुस्तिकेत या गाडीने ट्रेलर ओढू नये असे स्पष्ट लिहिलेले असते आणि तसे असेल तर विषय तिथेच संपतो. सुदैवाने आमच्या सात आसनी डिझेल गाडीच्या पुस्तिकेत पूर्ण कोष्टक आहे. त्यातील आकडे असे : गाडीचे स्वतःचे वजन १,८७० किलो, माणसे आणि सामानासह कमाल वजन २,५१० किलो, पुढच्या आसाची मर्यादा १,२०० आणि मागच्या आसाची १,४८० किलो, गाडी व ट्रेलर मिळून कमाल ३,७०० किलो, ब्रेक असलेला ट्रेलर १,४०० किलोपर्यंत, ब्रेक नसलेला ७५० किलोपर्यंत आणि हुकावर उभा येणारा भार १०० किलोपर्यंत.

गाडी घेताना विक्रेत्याने "दीड टन आरामात ओढते" असे सांगितले होते, ते यातील १,४०० वरूनच असावे. परंतु हे सगळे आकडे एकाच वेळी पाळायचे असतात. त्यातील सर्वांत मोठा निवडायचा नसून, आपल्या परिस्थितीत जो आधी आडवा येतो तो धरायचा असतो. अमेरिकेत २००८ साली ठरलेल्या ट्रेलर ओढण्याच्या चाचणीच्या मानकात गाडीत चालक आणि शेजारी एक माणूस, प्रत्येकी सुमारे ६८ किलोचा, एवढीच माणसे धरलेली असतात. आमच्या गाडीत चार माणसे आणि त्यांच्या पिशव्या असतील. छापील आकडा आणि आपला आकडा यांच्यात फरक पडतो तो इथे.

ब्रेकची बाब आजच ठरवून टाकली. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक नसला तरी चालतो आणि आमच्या पुस्तिकेतही तोच आकडा आहे, परंतु आमच्या वाटेवर चोर्ला, आंबोली आणि अनमोड असे घाट आहेत. वजन कितीही भरो, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणारच.

२७ ऑक्टोबर

आज गाडीचा काटा करून आणला. साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की वजनकाट्यांवर उसाच्या वाहनांची रांग लागते आणि मग एका खाजगी गाडीसाठी कोणी जागा देत नाही, म्हणून घाई केली. सकाळी सात वाजता काकतीच्या अलीकडच्या एका काट्यावर पोहोचलो. काट्यावरच्या मुलाने गाडी रिकामी की भरलेली असे विचारले. आधी रिकामी आणि मग भरलेली, दोन्ही करायचे आहे, असे सांगितल्यावर त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा मागे बसलेल्या आईकडे पाहिले, पण काम मनापासून केले.

टाकी काठोकाठ भरलेली आणि आत कोणी नाही, अशी गाडी १,९३० किलो भरली. पुस्तिकेपेक्षा ६० किलो जास्त. टपावरचे कॅरिअर, दोन्ही बाजूंची लोखंडी पायदाने, जाड मॅट, सीटखाली पडून असलेली हत्यारे हे सगळे वर्षानुवर्षे साचलेले वजन आहे आणि ते वाहून नेण्याच्या मर्यादेतून परस्पर वजा झालेले आहे, हे पावती हातात येईपर्यंत माझ्या लक्षातही आले नव्हते. त्यानंतर आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, आई आणि मुलगा, मिळून २६८ किलो, आणि मुद्दाम प्रवासासारख्या भरून आणलेल्या ९२ किलोच्या पिशव्या घेऊन गाडी पुन्हा चढवली. २,२९० किलो.

नंतर फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन १,०८० आणि फक्त मागची घेऊन १,२१० किलो, अशा दोन वेगळ्या पावत्या घेतल्या. आसांची वजने अशी वेगवेगळी घेताना काट्याचा मंच आणि बाहेरचा रस्ता एका पातळीत असावा लागतो, नाहीतर गाडी कलते आणि आकडा चुकतो. हा काटा १० किलोच्या टप्प्याने वजन दाखवतो, त्यामुळे एवढी चूक प्रत्येक आकड्यात धरूनच चालतो आहे.

मागे जो हुक बसेल त्याच्या लोखंडी सांगाड्याचे वजन ३० किलो धरले, तर भरलेली गाडी २,३२० किलो होते. कमाल २,५१० मधून ते वजा केले की १९० किलो उरतात. ट्रेलरचा जो भार हुकावर येईल, तो या १९० मधूनच द्यायचा आहे. बहुतेक जण हेच विसरतात. ट्रेलर स्वतःच्या चाकांवर चालत असला तरी त्याचा काही भाग गाडीच्या पाठीवर बसलेला असतो, आणि गाडीच्या दृष्टीने तो भाग म्हणजे डिकीत ठेवलेले सामानच.

१० नोव्हेंबर

दिवाळीत काम बंद होते. आज मागच्या आसाचा हिशेब पूर्ण केला.

हुकावर १०० किलो ठेवले तर मागच्या आसावर १०० नव्हे, त्याहून जास्त भार वाढतो, कारण हुक आसाच्या मागे आहे आणि गाडी तिथे तरफेसारखी वागते. आमच्या गाडीच्या दोन आसांमधले अंतर २.७० मीटर आहे आणि हुकावरच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्या बॉलचे केंद्र मागच्या आसापासून १.१५ मीटर मागे येईल. १.१५ ला २.७० ने भागले की ०.४२६ येतात. म्हणजे हुकावरच्या प्रत्येक १०० किलोमागे मागच्या आसावर साधारण १४३ किलो वाढतात आणि पुढच्या आसावरून ४३ किलो कमी होतात. रविवारी मुलाला हे शिकवताना स्वयंपाकघरातील पोळपाटाच्या कडेला लाटणे ठेवून दुसरी कड उचललेली दाखवली, तेव्हा त्याला लगेच कळले. पुढचा आस हलका होणे म्हणजे स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक दुबळे होणे, आणि गाडी थांबवण्याचे बरेचसे काम पुढचेच ब्रेक करतात.

हुकाचा सांगाडा धरून मागचा आस आता १,२५० आणि पुढचा १,०७० किलोवर आहे. मागच्या आसाला १,४८० पर्यंत २३० किलो शिल्लक आहेत. २३० ला १.४२६ ने भागले की हुकावर १६१ किलोपर्यंत चालतील असे उत्तर येते. वजनाच्या एकूण मर्यादेने १९०, आसाने १६१ आणि पुस्तिकेने हुकासाठी १०० दिलेले आहेत. यातील १०० धरायचे.

आता १०० किलोच्या हुकावर केवढा ट्रेलर बसतो? अशा दोन चाकी ट्रेलरचा एकूण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर यावा असे अमेरिकेत धरतात. युरोपात गाड्या आणि वेग यांची पद्धत वेगळी असल्यामुळे यापेक्षा कमी भार धरतात. आमच्या खाचखळग्यांच्या रस्त्यांना आणि माझ्या पहिल्याच अनुभवाला मी कमी धरणार नाही. १० टक्के धरले तर १,००० किलोचा ट्रेलर, १२ टक्के धरले तर ८३३. गाडी व ट्रेलर मिळून मर्यादेने पाहिले तर ३,७०० वजा २,३२० म्हणजे १,३८० किलो उरतात आणि ब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा १,४०० आहेच, पण हे दोन्ही आकडे आता उपयोगाचे राहिले नाहीत. इंजिनाने परवानगी दिली आहे, हुकाने दिलेली नाही.

पूर्ण भरलेल्या ट्रेलरची मर्यादा मी ८५० किलो ठरवली आहे. विक्रेत्याच्या दीड टनातून एवढेच उरले.

१७ नोव्हेंबर

मनात जो ट्रेलर होता त्याचे वजन कागदावर मांडले आणि ते १,१९२ किलो भरले. सविस्तर लिहून ठेवतो. चासी, आस, चाके व ब्रेक ३००, खोलीचा चौकोनी पाइपांचा सांगाडा ११०, बाहेरून १.२ मिलिमीटर लोखंडी पत्रा २२०, आतून १९ मिलिमीटर प्लायवूडच्या सात शीट २६६, पलंग व गाद्या ४०, इन्व्हर्टरची ट्यूबुलर बॅटरी ५५, पाणी १००, घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर ३०, कमोड व त्याची टाकी २०, स्वयंपाकाचे साहित्य ३५ आणि स्टेपनी १६.

लोखंडाचे वजन अंदाजाने घेण्याची गरज नसते. एक चौरस मीटर पत्रा एक मिलिमीटर जाड असेल तर तो ७.८५ किलो भरतो आणि बाकी सगळे गुणाकार आहेत. खोली ३ मीटर लांब, १.९ रुंद आणि १.८ उंच धरली तर भिंती आणि छप्पर मिळून साधारण २३ चौरस मीटर होतात. उद्यमबाग या इथल्या औद्योगिक भागातील ज्या शेडमध्ये हे काम करायचे आहे, तिथल्या मिस्त्रींनी ३ मिलिमीटरचा अॅल्युमिनियम कॉम्पोझिट पत्रा सुचवला. आठ बाय चारचा एक पत्रा आम्ही तिथेच साध्या काट्यावर ठेवला, तो १२ किलो भरला. तेवढाच लोखंडी पत्रा २८ किलोचा होतो. "साहेब, दुकानाच्या पाट्या करतोय की आम्ही यातनं, पावसाला काय होत नाही बघा," असे ते म्हणाले आणि पत्र्याच्या या एका बदलाने बाहेरच्या भिंतींतून १२७ किलो उतरले.

प्लायवूड १२ मिलिमीटरवर आणले, बॅटरी लिथियमची घेतली, पाणी ६० लिटरवर आणले आणि गॅसचा ५ किलोचा छोटा सिलिंडर ठरवला. या सगळ्यातून आणखी २०४ किलो कमी झाले, तरी बेरीज ८६१ येत होती. शेवटी डोक्यावरचे कपाट आणि घडीचे टेबल रद्द केले आणि ८३२ वर थांबलो. कपाट जाणे पत्नीला आवडलेले नाही. तिचे म्हणणे रास्त आहे, कारण पावसात ओले कपडे ठेवायला जागा राहिली नाही, आणि त्यावर उपाय अजून सापडलेला नाही.

३० नोव्हेंबर

एक छोटी नोंद, पण महत्त्वाची. ट्रेलरच्या तोंडाचा कपलर, म्हणजे बॉलवर बसणारी पकड, ५० मिलिमीटर बॉलसाठी आहे. बाजारातून आणलेला बॉल हाताला तसाच वाटला. मी कारखान्यात तपासणी विभागात काम करतो, त्यामुळे व्हर्निअर लावल्याशिवाय वस्तू स्वीकारण्याची सवय नाही. बॉल ५०.८ मिलिमीटर निघाला, म्हणजे दोन इंची. डोळ्याला न दिसणारा ०.८ मिलिमीटरचा फरक. कपलर त्यावर टेकला, पण त्याची खटकी पुरती बसेना. खटकी हातोडीने बसवून पुढे गेलो असतो तर ती कुठल्या तरी खड्ड्यात सुटली असती. बॉल परत केला आणि ५० चा मागवला. कपलर, बॉल आणि हुकाची दांडी यांच्या प्रत्येकावर कमाल भार कोरलेला असतो. तिन्ही वाचून घेतले, सर्वांत कमी आकडाही आमच्या गरजेपेक्षा जास्त आहे.

१५ डिसेंबर

चासी मान्यताप्राप्त उत्पादकाकडूनच घेतली आहे. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्यामुळे त्याची नोंदणी आणि विमा लागतो, आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या भरलेल्या वजनापेक्षा जास्त भरून चालवणे हा गुन्हा आहे. घरी वेल्डिंग करून सांगाडा उभा करायचा आणि रस्त्यावर आणायचा हा विचार कोणाच्या मनात असेल तर त्याने आधी परिवहन कार्यालयात जाऊन यावे.

टायरवरचा भारांक ८५ आहे, म्हणजे प्रत्येकी ५१५ किलो, दोन मिळून १,०३० किलो. ब्रेक ओव्हररन पद्धतीचे आहेत. गाडी हळू झाली की ट्रेलर तिला मागून ढकलतो आणि त्या ढकलण्याने कपलरमधली दांडी मागे सरकून ट्रेलरचे ब्रेक लागतात. शिवाय कपलर सुटलाच तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारी तार आणि दोन आडव्या साखळ्या आहेत.

घाटाचा हिशेब याच वेळी केला, तो इथे ठेवतो. गाडी व ट्रेलर मिळून ३,१६० किलोच्या आसपास धरू. ६०० मीटर उंची उतरायची तर तेवढ्या वजनाची जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती साधारण ५९ लिटर नळाचे पाणी उकळीला आणण्याएवढी असते. एकट्या भरलेल्या गाडीसाठी हा आकडा ४३ लिटर येतो. त्यातील काही वाटा हवा आणि टायर घेतात, मोठा वाटा खालच्या गिअरमधील इंजिनाने घ्यावा लागतो, आणि उरलेली सगळी उष्णता ब्रेकच्या तबकड्यांत आणि ड्रममध्ये शिरते. चोर्ल्याच्या उतारावर येणारा ब्रेकचा जळका वास इकडच्या प्रत्येकाने कधी ना कधी घेतलेला आहे. म्हणून नियम असा ठरवला की ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा.

१२ जानेवारी २०२५

खोली उभी राहिली. पाणी, स्टेपनी आणि स्वयंपाकाचे साहित्य सोडून ट्रेलरचा काटा केला, ७३० किलो. त्यात हे तीन धरून १११ किलो मिळवले की ८४१ होतात. कागदावर ८३२ होते. डिंक, स्क्रू, वायरिंग आणि रंग यांचे मिळून ९ किलो मी धरलेच नव्हते.

हुकावरचा भार मोजायला मोठा काटा चालत नाही, कारण दहा किलोचा टप्पा इथे फार मोठा ठरतो. आमच्याकडे माणसांचे वजन करायचा साधा घरगुती काटा आहे. एक भक्कम तुळई घेतली, तिचे एक टोक जमिनीवरील पाइपवर आणि दुसरे घरच्या काट्यावर टेकवले. पाइपपासून एक फुटावर कपलर टेकवला आणि तिथून काटा दोन फुटांवर. अशा मांडणीत काटा खऱ्या भाराच्या एक तृतीयांश दाखवतो. काट्यावर २४.७ आले, म्हणजे ७४ किलो. तुळईचे स्वतःचे वजन आधी काट्यावर पाहून वजा करायचे असते, हे पहिल्या वेळी राहिले होते आणि पुन्हा मोजावे लागले. मोजताना ट्रेलर सपाट आणि गाडीला जोडल्यावर जेवढ्या उंचीवर राहील तेवढ्याच उंचीवर हवा.

२ फेब्रुवारी

पहिली चाचणी, आणि ती बिघडली.

सकाळी सहाला निघालो, गाडीत मी आणि मुलगा, मागच्या सीटवर इतरांच्या वजनाएवढ्या वाळूच्या पिशव्या. ट्रेलर पूर्ण भरलेला. काकतीपर्यंत सगळे ठीक होते. वंटमुरी घाटाच्या उतारावर वेग ६५ च्या आसपास असताना एक मोठा कंटेनर उजवीकडून पुढे गेला. त्याच्या हवेचा धक्का बसताच आरशात ट्रेलर डावीकडे सरकलेला दिसला, मग उजवीकडे, मग त्याहून जास्त डावीकडे, आणि प्रत्येक झोक्याला गाडीची मागची बाजू त्याच्या बरोबर ओढली जाऊ लागली. स्टिअरिंगने त्याला सावरायला जाऊ नये हे वाचलेले होते. मी स्टिअरिंग सरळ घट्ट धरले, ब्रेकला पाय लावला नाही आणि फक्त अॅक्सिलरेटर सोडला. वेग ४५ पर्यंत उतरल्यावर झोके थांबले. रस्त्याच्या कडेला उभे राहिलो तेव्हा मुलाच्या हातातील पाण्याची बाटली अर्धी सांडलेली होती.

तिथून ३० च्या वेगाने परत आलो. या प्रसंगाचे कारण सापडेपर्यंत ट्रेलर रस्त्यावर नेणार नाही.

९ फेब्रुवारी

कारण येळ्ळूरच्या माझ्या थोरल्या चुलत्यांना एका दृष्टिक्षेपात दिसले. त्यांनी तरुणपणी बैलगाडीने भात वाहिले आहे. अंगणात ट्रेलर उभा होता, त्यांनी मागच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी, तिच्या शेजारी भांड्यांची पेटी आणि मागच्या भिंतीवर टांगलेली स्टेपनी पाहिली, कपलरखाली हात घालून तो उचलून पाहिला आणि म्हणाले, "आरं, गाडी उलाळ झालीया की तुझी. बैलाच्या गळ्यालाच सापती लागंल असल्यानं."

गाडीत मागच्या बाजूला जास्त भरले की जू वर उचलते, सापती, म्हणजे जुवाला बांधलेला गळ्याखालचा पट्टा, बैलाचा गळा आवळते आणि गाडी सरळ चालत नाही. आपल्या भाषेला या दोषासाठी शब्द आहे, आणि मी तो विसरून टक्केवारी करत बसलो होतो. भरलेल्या अवस्थेत हुकावरचा भार मी मोजलाच नव्हता. मी ७४ किलो मोजले ते टाकी रिकामी असताना. आज तसाच भरलेला ट्रेलर तुळईवर ठेवला. काट्यावर ११.३ आले, म्हणजे फक्त ३४ किलो. ८४१ किलोच्या ट्रेलरला हे चार टक्के होतात.

हिशेबही तेच सांगतो. कपलरपासून ट्रेलरचा आस ३.२ मीटर आहे. आसामागे १.१ मीटरवर ६० किलो पाणी म्हणजे हुकावरून सुमारे २१ किलो कमी. १.१५ मीटरवर ३५ किलो भांडी म्हणजे साडेबारा कमी. १.४ मीटरवर १६ किलोची स्टेपनी म्हणजे आणखी सात. टाकी मागे ठेवण्यामागे नळ तिथे सोयीचा होता एवढेच कारण होते.

संध्याकाळपर्यंत टाकी आसाच्या पुढे ०.४ मीटरवर पलंगाखाली नेली, स्टेपनी तिच्याही पुढे ०.६ मीटरवर आणि भांड्यांची पेटी ०.३ मीटरवर आली. स्टेपनी पुढच्या दांड्यावर बांधली असती तर आणखी सोपे झाले असते, परंतु तसे केल्यास भार १०० किलोला फार जवळ जातो. आता तुळईवर २९.३, म्हणजे ८८ किलो, साडेदहा टक्के. टाकी भरलेली असो वा रिकामी, भार ८० आणि ८८ च्या मध्येच राहतो, कारण टाकी आसाच्या जवळ आली आहे. मला तरी हा बदल सगळ्या कामातील सर्वांत मोलाचा वाटतो.

१६ फेब्रुवारी

काटा. उसाची गर्दी होती, दीड तास थांबलो. चौघे गाडीत, ट्रेलर जोडलेला आणि पूर्ण भरलेला. पुढचा आस १,०३०, मागचा १,३८०, ट्रेलरचा आस ७५०, एकूण ३,१६०. कागदावरच्या हिशेबाने हे आकडे १,०३३, १,३७५, ७५३ आणि ३,१६१ असे होते. प्रत्येक आकडा त्याच्या मर्यादेच्या आत आहे. टायरमधील हवा थंड असताना तपासून ट्रेलरच्या टायरवर लिहिलेल्या प्रमाणात भरली.

दुपारी त्याच वंटमुरीच्या उतारावर गेलो. ६० पर्यंत ट्रेलर गाडीमागे सरळ येतो. मोठी वाहने शेजारून गेली की एक हलका धक्का जाणवतो आणि तिथेच विरतो. यापुढे कमाल वेग ६० ठेवणार.

२ मार्च

आईसह पहिला मुक्काम. जांबोटीमार्गे कणकुंबी. मलप्रभेच्या उगमापाशी दर्शन घेऊन गावाबाहेरच्या एका ओळखीच्यांच्या शेतात रात्र काढली. कणकुंबीहून पुढे चोर्ला घाट उतरलो नाही. ओव्हररन ब्रेक लांब उतारावर सतत थोडे थोडे लागलेले राहतात, त्यामुळे ड्रम किती तापतात ते आधी लहान उतारांवर मोजायचे आहे. आज जांबोटीकडे परतताना प्रत्येक उतारानंतर थांबून इन्फ्रारेड थर्मामीटरने ट्रेलरची दोन्ही चाके पाहिली. डावे ५८ अंश, उजवे ७९. एवढा फरक असू नये. उजवा ब्रेक घासतो आहे, तो उद्यमबागेत सैल करून घ्यायचा आहे आणि त्यानंतरच घाट.

आईला पलंगाची उंची बरोबर झाली. रात्री ती दोनदा स्वतःच्या स्वतः उठली.

९ मार्च

उजवा ब्रेक जुळवला. आतील तार एका बाजूला अडकत होती.

आईने फोमची गादी नको म्हणून सांगितले, तिला पाठीला कापसाचीच लागते. पिंजून भरून आणलेली गादी घरच्या काट्यावर १४ किलो भरली, फोमची ६ होती. ८ किलो वाढले म्हणजे ट्रेलर ८४९ वर गेला, आणि ८५० च्या एवढ्या जवळ मला तो ठेवायचा नाही. घडीच्या दोन लोखंडी खुर्च्या, ७ किलोच्या, काढून गॅलरीत ठेवल्या. गादी आसाच्या पुढे असल्यामुळे हुकावर सुमारे दोन किलो वाढायला हवेत. उद्या सकाळी ट्रेलर पुन्हा तुळईवर घेणार.